नो-लोडला

अशोक चौकातल्या माझ्या दुकानात
जळक्या वार्निशचा वास चाळीस वर्षं मुरलाय.
मोटर बांधून झाली, बटण दाबलं,
की गिऱ्हाईक खूश. फिरली, म्हणतं, किती झालं?
मी म्हणतो, थांबा की ओ.
नो-लोडला सगळंच फिरतं.
मागाला जोडू, पट्टा चढवू,
दुपारी दोनला व्होल्टेज पडलं की बघू.
मग द्या पैसे.

हे लालसाब उस्तादांचं शिक्षण.
चालत्या मोटरला ते हात उलटा करून लावायचे,
आईनं ताप बघावा तसा.
कंपनीची पाटी नंतर वाचायचे,
कधीकधी वाचायचेच नाहीत.

परवा भाच्यानं, रेवणनं, ओढून नेलं
होटगी रोडच्या एका गार हॉलमध्ये.
पडद्यावर आकाशात एक आरसा उघडत होता,
रात्री सांगाल त्या पत्त्यावर ऊन टाकणारा.
मी शेजारच्याला म्हटलं, सोलापुरात?
इथं मे महिन्यात रात्री अकराला
भिंतीला पाठ टेकवत नाही.
ऊन आम्हीच भरून देतो, डबे पाठवा.
तो हसला नाही.
त्याच्या गळ्यात कार्ड होतं.

मग ड्रायव्हर नसलेली गाडी.
आरशासारख्या रस्त्यावर एकटी चालली,
वळली, थांबली, परत वळली.
चांगली चालली, खोटं कशाला बोलू.
पण रस्त्यावर कुणीच नव्हतं.
तिला एकदा साखर पेठेच्या बोळात आणा.
लाइट गेलेली, बाज दारात,
बाजेवर रात्रपाळीचा माणूस
कूस बदलताना हात बाहेर टाकतो.
तो थांब म्हणतोय की जा म्हणतोय
हे मला पण अजून कळत नाही.
मी स्कूटर बंद करतो, उतरतो,
ढकलत नेतो.

शेवटी हात वर करून विचारलं,
लोडवर किती टिकली?
पाहुणा म्हणाला, फार छान प्रश्न.
आणि पुढचं चित्र लावलं.

आता माझं पण सांगतो.
बिनधोट्याचा माग आला तेव्हा
उस्ताद आणि मी पोट धरून हसलो होतो.
धोट्याशिवाय कापड, म्हणजे जिभेशिवाय भांडण!
चार वर्षांत जुने माग किलोवर गेले.
शेवटचा मीच टेम्पोत चढवू लागलो.
एक धोटा काढून ठेवला,
दुकानात बिलांवर असतो,
पंख्याखाली.
उस्ताद त्याच्याकडं बघत नसत.

शेजारच्या येमूलबाईंनी गच्चीवर पॅनल बसवले.
पौषात कबूल केलेले युनिट आले,
चैत्रात निम्मे.
धूळ आहे, दोन बादल्या पाण्यानं धुवा,
फोनवरचा पोरगा म्हणाला. पुण्याचा असावा.
बाई आता कूलरमधलं उरलेलं पाणी
वाटीनं घेतात
आणि चादरीच्या फाटक्या तुकड्यानं
ऊन पुसतात.
बिल मात्र कमी आलंय.
मी चष्मा लावून वाचलं. दोनदा.

काल पाण्याचा पाचवा दिवस.
रात्री तीनला गच्चीवर उभा होतो, नळाची वाट बघत.
तर डोक्यावरून दिव्यांची माळ गेली,
एकामागं एक, आवाज नाही,
ताण्याच्या धाग्यांसारखी सरळ.
रेवण म्हणाला, मामा, उपग्रह. मोजा.
मी एकवीसपर्यंत मोजले, मग मान दुखली.
सुंदर होतं बे.
त्याला तसं सांगितलं नाही.

तेवढ्यात खाली नळ खोकला.
ज्यांनी पाणी भरलंय त्यांना माहीत आहे,
आधी हवा येते, जोरात, शिट्टी वाजवत,
आणि मीटर
हवेवरही फिरतं.
पाणी येणारच नाही असं मी कुठं म्हणतो?
जिना उतरलो, घागर लावली,
आणि धारेच्या जागी
हात उलटा करून धरला.